दाखल क्रमांक ४११७

नारायण पेठेतल्या वाचनालयात, बालविभागात
जुन्या पुस्तकांना बारकोड चिकटवायचं काम माझं.
मे महिन्याची दुपार. मानेत अडकलेला पंखा.
शिलाई सुटलेल्या पाठी, खळ खाऊन माजलेली कसर.

४११७.
हे पुस्तक मला ओळखतं.
पान बासष्ट: उकळता हंडा,
भोवती नाचणारी माणसं, शाईत बुडवून काढल्यासारखी,
नाकात हाडं, डोळ्यांत नुसता पांढरा.
नाव एकालाही नाही.
"जंगली" म्हटलं की सगळी एकदम वळतात.
खांबाला बांधलेला मुलगा मात्र पुण्याचा,
त्याला नाव, आडनाव, आळी, शाळा, सगळं.
तो आगपेटीची काडी ओढतो
आणि अख्खं रान त्याच्या पायाशी पालथं पडतं.

आठवीत होते मी. वसतिगृहात
पांघरुणाखाली बॅटरी धरून वाचलं.
खरं सांगते, मी त्या मुलाच्या बाजूची होते.
म्हणत होते, पळ रे, आले ते.

ते म्हणजे कोण
हे शनिवारी कळलं, शाळा सुटताना.
बा आला होता डिंभ्याच्या वरून,
तीन एसट्या बदलून,
कमरेला आकडी, आकडीत कोयता,
फडक्यात करवंदं, अर्धी चेंगरलेली.
फाटकाशी अनघा लेले ओरडली, "पान बासष्ट!"
सगळ्या हसल्या.
मीही हसले.
बाला वाटलं, पोर आपल्याला बघून हसली.
तोही हसला.

"हे काय बोलतायत?"
टेबलापलीकडे पुढचे दात पडलेला एक मुलगा,
बोट "हुंबा हुंबा"वर.
एवढीच भाषा छापलीय त्यांची,
बाकी उद्गारचिन्हं.

म्हटलं, लग्न आहे.
एवढा हंडा आमच्याकडे लग्नालाच बाहेर निघतो.
रायभोगाचा भात शिजतोय.
म्हणतायत, पाव्हणा उपाशी दिसतो,
आधी त्याला वाढा.

"मग बांधलंय कशाला?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.
थोड्या वेळानं म्हटलं,
चित्र काढणारा कधी लग्नाला आलाच नव्हता.

त्यानं हंड्यात वाकून बघितलं, खरंच वाकून,
नाक पानाला टेकेपर्यंत.
"मला हे घरी न्यायचंय."

रद्दीच्या यादीत हा क्रमांक
सकाळीच लिहून ठेवला होता मी.
खोडला की नाही, आता आठवत नाही.
मागची चिठ्ठी उघडली, तारखेचा शिक्का मारला.
वर पाच ओळी सोडून, उडालेल्या निळ्या शाईत:
द्वारका धावजी केंगले, आठवी ब.
मधलं नाव बाचं.
त्या सगळ्या पुस्तकात
रानातल्या बाप्याचं तेवढंच एक नाव.

पुढे लाल शाईत:
अकरा दिवस उशीर. दंड पंचावन्न पैसे.