उसना स्वेटर

पडतेबाईंचा स्वेटर मागून नेला होता,
बदामी, डांबरगोळ्यांच्या वासाचा.
वेंगुर्ल्यात कशाला लागतोय स्वेटर?
आमच्याकडे थंडी म्हणजे
पहाटे खोबरेल गोठतं, तेवढीच.

भाचा दिगंबर म्हणाला, मामी, पंचवीस वर्षं झाली लग्नाला,
दोन रात्री आंबोलीला राहून या,
खोली सांगून ठेवलीय, गरम पाण्याची.
हे म्हणाले, गरम पाणी काय, आपल्या चुलीवर होत नाही?
पण गेलो.
जाळं विणायची सुई ह्यांनी पिशवीत टाकली.
मी पाहिलं,
आणि पाहिलं नाही असं केलं.

दाणोली सोडल्यावर रस्ता वर वळला
आणि कानांत दडे बसले.
एका वळणावर माकडानं
मागच्या बाईच्या हातातलं केळं पळवलं.
अख्खी एसटी हसली. ह्यांनीही हसायचं ठरवलं,
पण हात दांडीवरून सुटेना.
वादळात होडी हाकणारा माणूस
डांबरी रस्त्याला घाबरला होता.

वर सगळं छान होतं, खोटं कशाला बोलू.
धुकं खिडकीतून आत येऊन
पाहुण्यासारखं कॉटवर बसायचं.
झाडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे.
मालकीणबाईनं नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी वाढली.
मासे विचारायचा धीर झाला नाही.

रात्री दोन वाजता हे उठून बसले.
"काय झाला?"
"हयसर आवाजच नाय गो.
कोणीतरी बंद केल्यासारखा वाटता."
मीही जागीच होते.
झोपू देत नाही म्हणून
पंचवीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या,
त्या समुद्राची
दोघंही अंधारात वाट बघत होतो.

सकाळी पॉइंटवर धुकं फाटलं.
सगळे दरीचे फोटो काढत होते.
हे कठड्याला पोट लावून
पश्चिमेला बघत राहिले, बराच वेळ,
मग बोट दाखवलं: "ता बघ."
आभाळाच्या काठाला फिकट रेघ,
शिलाईत कापायच्या राहिलेल्या दोऱ्याएवढी.
"ता आपला बंदर."
दिसत नव्हतं काही बंदरबिंदर.
मी म्हटलं, होय, आणि दोरीवर माझा परकर राहिलाय,
तोही दिसतोय.
हे इतके हसले
की फोटोवाली मुलं वळून बघायला लागली.

दुसरी रात्र राहिलो नाही.
पैसे परत मिळणार नव्हते, मागितलेही नाहीत.
मालकीणबाईनं मधाची बाटली दिली,
आवडलं नाही का, म्हणाली.
आवडलं हो, मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.
पण हे केव्हाचे फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभे,
घंटेआधीच दप्तर भरलेल्या पोरासारखे.

उतरताना कान उघडले.
मठ गावाच्या पुढे कुणीतरी खिडकी सरकवली
आणि वास आला:
सुकत घातलेल्या मासळीचा, चिखलाचा, ओहोटीचा.
पुढच्या सीटवरच्या पर्यटकानं नाकाला रुमाल लावला.
मी स्वेटरची बटणं सोडली
आणि पोटभर श्वास घेतला.

शेजारच्या फिलोमिनानं मांजराला जेवू घातलं होतं.
मांजरानं आम्हाला ओळखसुद्धा दाखवली नाही.
हे नवे बूट घालूनच पुळणीवर गेले,
आणि तसेच पाण्यात.
ओरडायला हवं होतं.
मी पेज ठेवली, बांगडा भाजायला घेतला.

रात्री समुद्राची नेहमीची गडबड.
"झोपाक देणा नाय मेलो," हे म्हणाले
आणि लगेच घोरायला लागले.

स्वेटर अजून दोरीवरच आहे.
परवा देईन, अर्ध्या मधासकट.
पडतेबाई घडी उघडतील तेव्हा
डांबरगोळ्यांच्या वासातून थोडा खारा वारा निघेल.
विचारतीलच, कशी होती आंबोली?
सांगीन, उंच आहे.
तिथून आमचं घर दिसतं.