सातवा दिवा

बर्डीवर, जिन्याखालच्या दुकानात
ढोकेभाऊंनी आधी वायरचा तुकडा मागितला,
नखानं सोलून पाहिला.
"भरीव तांबं हाय. आरपारवाले कनेक्टर नेजा.
अन् दहा लागत असन तं वीस घ्या,
पयले दहा शिकण्यातच जाते."

स्वस्तातला क्रिम्पर मी उघडून मिटला, परत ठेवला.
जबडा एका अंगानं झुकलेला.

रात्री कूलरसमोर, चष्मा कपाळावर,
आठ तारा बोटांनी सरळ करत बसलो.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा,
मग मध्येच निळे दोघं, अन् त्यापुढे हिरवा.
असं का, ते ढोकेभाऊंनाही ठाऊक नव्हतं.

टेस्टरवर सातवा सोडून सगळे दिवे लागले.
कापलं. पुन्हा सोललं.

माडीवरून रुणाली ओरडते, "बाबा, आलं का?"
केबल दर खेपेला
बोटभर आखूड होत चाललीय.