हात खाली येईपर्यंत

कामठी रोडवर आमचं बँडचं दुकान,
पाटीवरचा घोडा उन्हानं पांढरा पडलेला.
एप्रिल. कूलरमधलं पाणी संपलेलं.
प्रज्ञशीला त्याला घेऊन आली :
कुरोदासान, वय अठ्ठ्याहत्तर,
डोक्याला दुपट्टा, हातात संत्रा बर्फीचा डबा.

‘काय वाजवतात हे?’ मी विचारलं.
तिनं त्याच्या भाषेत विचारलं. तो हसला.
‘काहीच नाही, म्हणून राहिले.
बेचाळीस वर्षं मंचावर उभे होते,
नव्वद माणसं वाजवायची,
त्यात मुके तेवढे हे एकटे.’

बाप पेटीच्या पट्ट्या घासायचा, हामामात्सूत.
पोरगा लंबकाच्या घड्याळापुढं हात हलवायचा,
घड्याळ ऐकत नसे.
जर्मनीत दोन हिवाळे दुसऱ्याच्या कोटाला ब्रश मारला,
मग एका रात्री त्या दुसऱ्याला ताप आला.
तिथून पुढं मोठमोठी सभागृहं,
आणि सुटकेसमध्ये राहणारं घर.

नंतर डावा कान गेला.
व्हायोलिनवाले डावीकडेच बसतात, म्हणे.
दोन वर्षं त्यानं त्यांना नुसत्या गजांवरून ओळखलं,
कुणाला कळू दिलं नाही.
एकदा ते अर्धा ठोका मागे राहिले,
सगळ्या सभागृहाला कळलं, एक तो सोडून.
सकाळी राजीनामा.

मेश्राम मास्तरनं आपली शिट्टी त्याच्यापुढं केली.
त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, बाकावर ठेवली.
आम्ही अकरा जण, बनियनवर.
त्यानं हात वर नेला
आणि आणलाच नाही खाली.

बाप्पा! वरातीत असं कोणी थांबवत नाही,
आम्ही थांबलो की नोटा थांबतात.
बाहेरून एक ट्रक गेला. ताडपत्री फडफडली.
मग ढोलवाल्या सुखदेवच्या छातीतली घरघर ऐकू आली,
जिच्यासाठी बायको त्याला वर्षभर दवाखान्यात धाडून राहिली.
आम्ही सगळ्यांनी ऐकली.
त्यानंही ऐकली.

हात खाली आला तेव्हा
वाजवलं ते नेहमीचंच, घोड्यापुढचं,
नेहमीइतकंच बेसूर.
सोमवारी सुखदेव मेयोत गेला.

संध्याकाळी व्हरायटी चौकात
वाहतुकीची पोलीसबाई हात करून उभी होती.
चार रस्ते तिच्या तळव्यापाशी अडलेले.
कुरोदासान तीन सिग्नल पाहत राहिला,
मग भर चौकात कमरेतून वाकला.
ती लाजली,
आणि शिट्टी मारून
आम्हालाच बाजूला केलं.