सभासद क्रमांक चारशे सतरा

वर्षाची वर्गणी म्हणजे माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा.
नवऱ्याने पावती उलटसुलट करून पाहिली,
"हे खायचं की अंथरायचं?" म्हणाला.
मी मक्याच्या सालीतला केंके सोलत राहिले.
उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

तेमा बंदरामागे, चौथ्या गोदामात,
नऊ वर्षं मी मोजत आले होते
सलाईन, हातमोजे, मच्छरदाण्या.
आलं किती, गेलं किती, उरलं किती.
हारमाटनची धूळ वहीवर बसे,
बोट फिरवलं की सहाचा आठ होई.
चुकलं तर ते माझं,
जुळलं तर ते कुणाचंच नाही.

एक गोष्ट मात्र मला कळत होती
आणि सांगायला कुणी नव्हतं :
गावच्या दवाखान्यात दोन पोरं तापाने फणफणली
की नर्स चार पेट्या जास्त मागते,
तालुका म्हणतो, असू देत वीस,
जिल्हा म्हणतो, शंभर, हाताशी बऱ्या,
आणि आम्ही समुद्रापलीकडून
अख्खा कंटेनर मागवतो.
तो येईतो पोरं अंगणात खेळत असतात.
मग माझ्या कोपऱ्यात ढीग,
आणि ढिगावर हळूहळू सरकत येणारी
मुदत संपल्याची तारीख.
वाटायचं, माझंच गणित कच्चं.

पहिल्या गुरुवारची सभा
खलाशांच्या वसतिगृहामागच्या खोलीत.
बावीस खुर्च्या. पंखा एक, तोही घरघरणारा.
बंदरात केस पिकवलेले क्वार्शी उठले,
भाषण नाही, काही नाही,
खिशातून दोरी काढली.
हात हलला असेल वीतभर,
दोरीचं टोक सणकन गेलं
आणि पलीकडच्या टेबलावरचा पेला आडवा.
"याला आमच्या धंद्यात चाबूक म्हणतात," ते म्हणाले,
"आणि मीही एकदा अकरा कंटेनर
नुसत्या भीतीपोटी मागवले होते."
कुणी हसलं नाही.
टेबलावरून पाणी ठिपकत होतं.
नऊ वर्षं मी पुसत होते
ते हेच पाणी.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं म्हणाल तर, नाही.
अक्राला मुलाखत झाली, नियोजन अधिकाऱ्याची.
मी चाबूक सांगितला, पेला सांगितला,
त्यांनी माना डोलावल्या
आणि जागा दिली सेलासी आमेगाशीला,
सभेत माझ्याच शेजारी बसायचा तो.
दोन गुरुवार मी गेले नाही.
पोटदुखी म्हणून कळवलं. खोटं नव्हतं अगदीच.

मग एका रात्री पावणेबाराला त्याचाच फोन :
शीतगृह बंद पडलंय, लसी आत,
सकाळपर्यंत थंड गाडी कुठून आणू, झिफा?
मला आठवला शेवटच्या खुर्चीवरचा फुसेनी,
आशाईमानचा, माशांच्या चार गाड्यांचा मालक,
सभेत फक्त चहापुरता तोंड उघडणारा.
पहाटे लसी होच्या दवाखान्यात पोचल्या,
पेट्यांना बाहेरून बांगड्याचा वास.
सेलासीने ना आभार मानले ना माफी मागितली.
तीन महिन्यांनी त्याच्या विभागात
एक जागा वाढवून घेतली
आणि अर्जावर आधीच माझं नाव होतं.

आता घरी कुणी विचारत नाही हे खायचं की अंथरायचं.
उलट जानेवारी लागला की नवराच म्हणतो,
"तुझी वर्गणी राहिलीय."

क्वार्शी आता येत नाहीत, गुडघे धरलेत.
दोरी माझ्याकडे असते.
परवा खुर्च्या मांडत होते,
एक मुलगी दाराशीच थबकली,
पावतीची बारीक घडी मुठीत,
घामाने शाई उतरलेली.
"ताई, याने नोकरी मिळते का?"
म्हटलं, ठाऊक नाही गं.
हे टोक धर जरा.