हलू नका

एकतीस वर्षं दापोलीत मी एकच वाक्य बोललो:
हलू नका.
हनुवटी जरा खाली. कान दिसू देत. हलू नका.
लायसनसाठी, परीक्षेच्या फॉर्मसाठी, लग्न ठरवायच्या मुलींसाठी.
पाठीमागे पडद्यावर रंगवलेलं काश्मीर,
पुढे घाम पुसत बसलेलं हर्णै, बुरोंडी, पाजपंढरी.

मग लोकांच्या खिशातच स्टुडिओ आले.
काश्मीर गुंडाळून माळ्यावर टाकलं,
चिपळूणच्या एका लग्नवाल्याकडून जुनी लांब लेन्स घेतली
आणि आता माघातल्या ओहोटीला
हर्णैच्या ओल्या वाळूत गुडघे रोवून बसतो
कुरवांसमोर.

कुरव माझं ऐकत नाहीत.

होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात शिरतात
बैलांची पोटं भिजेपर्यंत,
टोपलीतून चार बांगडे निसटतात
आणि आभाळ एकदम खाली येतं, पांढरं, भांडखोर.
मी बटण दाबतो. सेकंदाचा दोन हजारावा भाग.
घरी येऊन बघतो तर
नुसतं आभाळ.
नुसतं आभाळ.
एक शेपूट.
आभाळ.
सुवर्णदुर्गाचा तिरका बुरूज.
चोच नसलेलं काहीतरी.
एका संध्याकाळचे सहाशे बारा, ठेवावा असा एकही नाही.
बायको म्हणते, आभाळ तर छान आलंय.

पाग टाकणारा दाऊद मुकादम म्हणाला,
मासा दिसतो तिथं पाग फेकलात तर पाणीच येणार वर.
तो जाणार कुठं, तिथं फेका.
तसं करून पाहिलं.
कुरवाने ऐनवेळी बेत बदलला.

द्वारका चोगले सुकटीवरचे कावळे हाकत होती.
"फोटोवाले तुमीच ना?"
तिच्या नवऱ्याच्या खलाशी कार्डावरचा फोटो माझा.
होडी परत आली आणि तो आला नाही,
तेव्हा तोच मोठा करून दिला होता,
वर हाराला जागा सोडून.
मला वाटलं, जुने पैसे द्यायचे राहिले असतील.
"चांगला आलाय," ती म्हणाली.
"पण तो असा कधी बसलाच नाय.
जेवताना सुदीक गुडघा हलायचा त्याचा.
पोरगी इचारते, बापूस रागीट व्हता काय?"

मी लेन्सवरचं खारं पुसत राहिलो
बनियनच्या तुकड्याने,
पुसून झाल्यावरही.

आठवलं.
पहिल्या फोटोत तो हलला होता.
दुसऱ्यात हसला.
तेव्हा रीळ होतं, आणि रीळ महाग.
मी चिडून म्हणालो, शेवटचं सांगतो.
मग तो बसला, खिळा मारल्यासारखा.
ते आधीचे दोन मी कात्रीने कापून
टोपलीत टाकले होते,
टोपली दर शनिवारी रिकामी व्हायची.

त्या संध्याकाळी उजेड घसरला तरी उठलो नाही.
शटर मंद केलं, आणखी मंद,
जिथे कुठलाही शहाणा माणूस कॅमेरा बंद करतो तिथवर.
द्वारकाने उरलेली मुंडकी पाण्याकडे भिरकावली
आणि मी नुसता वळत राहिलो, त्यांच्यासोबत,
श्वास न धरता.

फोटोत एकाही पक्ष्याला डोळा नाही.
पांढरे फराटे, एकमेकांतून गेलेले,
खालच्या कोपऱ्यात तिचा हात,
एकाचे चार झालेला.
असला फोटो गिऱ्हाइकाला दिला असता
तर त्याने पैसे परत मागितले असते.

तिने ओल्या बोटांनी कॅमेरा धरला,
डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.
"काय बी नीट दिसत नाय," म्हणाली.
पण परत देईना.
मागे गाड्या निघाल्या, लिलाववाल्याचा आवाज बसत आला,
एक कुरव उगाच होडीच्या काठीवर उतरला
आणि पहिल्यांदाच, माझ्यासमोर,
अगदी स्थिर बसला.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"ह्यो मोठा करायचा," तिने विचारलं,
"तर किती घेता?"

पडद्यावर तिच्या बोटाचं एक खवलं राहिलं.