अधिक अडतीस

मालीमच्या जेटीवर, सोसायटीच्या माडीवर,
रात्रीचे पावणेतीन.
खाली बर्फाचा कारखाना घरघरतोय
आणि डिझेल कुपनांचा सर्व्हर
नुसता बसून आहे.

रुझार दोनदा जिना चढून आला.
"बाये, ट्रॉलरवाले विचारतात, कुपन कधी?"
बघते, म्हटलं.
बघते म्हणजे काय, ते त्याला कसं सांगू.

टॉप लावला.
लोड सात, सीपीयू अठ्ठ्याण्णव टक्के रिकामा.
म्हणजे दारात सातजणांची रांग
आणि खिडकीतला कारकून माशा मारतोय.
प्रोसेस एकच, नाव 'कुपन',
तिच्यापुढे एस. झोपलेली.
झोपलेल्याचा भार सात कसा?

मोठा एच दाबला.

एका ओळीच्या एकोणचाळीस झाल्या.

मोरजीला, सुरूच्या बनातून, मी रापण बघायचे.
लांबून ते एकच जनावर,
खूप पायांचं, मागे मागे सरकणारं,
दर्यातून काहीतरी मुळासकट उपटणारं.
जवळ गेलं की त्याची माणसं व्हायची.
कुणी जीव खाऊन ओढतोय,
कुणी दोराला नुसता हात लावून उभा,
कुणी बिडीसाठी कानामागे चाचपतोय.
दोर मात्र सगळ्यांचा एक.
एकाने ढिला सोडला
की दुसऱ्याच्या तळव्याचं कातडं जायचं.

सोसायटीची जुनी वही मीच टाइप केली.
रापणीची नोंद अशी:
तांडेल सगुण शेटगावकर, अधिक अडतीस.
बाबा त्या अडतिसांतले.
कितवे, ते वहीत नाही.

दुसऱ्या खिडकीत
पीएस, डॅश, ई, मोठा एल, एफ.
पीआयडीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तोच आकडा,
शेजारी एलडब्ल्यूपी, तो ज्याचा त्याचा.
दोन्ही आकडे जुळतात फक्त पहिल्याचे.
तांडेल तो. तोच झोपलाय,
आणि टॉपला वरून दिसत होता तेवढा तोच.

पहिल्या खिडकीत पुन्हा खाली उतरत गेले.
एस, एस, एस,
मग मध्येच सात जण, डी.

डी म्हणजे झोप नव्हे.
जाळं खडपाला अडकलं
की कुणीतरी कमरेचं सोडून बुडी मारायचा.
किनाऱ्यावरचे दोर धरून गप्प.
त्याला हाक मारून उपयोग नसतो,
पाण्याखाली हाक जात नाही.
तो स्वतः वर येईपर्यंत
कुणी थुंकायचंसुद्धा नाही.

किल लिहिलं होतं, आकड्यासकट.
खोडलं.

कशाला अडकलेत ते बघायला
कोपऱ्यातल्या डिस्कांच्या डब्यामागे टॉर्च घेऊन वाकले.
नेटवर्कच्या वायरचं टोक हिरवं पडलेलं.
खारा वारा. याच्यापुढे कुणाचं चालतं?
ओढणीने पुसलं, खटकन बसवलं,
खुर्चीत येऊन बसले.

एक डी गेला.
मग दोन एकदम.
एक क्षणभर आर झाला, धावला, परत आडवा.
शेवटचा बराच वेळ तसाच,
मी श्वास रोखलेला,
आणि मग तोही इतरांसारखा, ओळखू न येणारा.
लोड सहा झाला, मग साडेचार;
तो लगेच उतरत नाही, त्याला मागचं आठवत राहतं.
खाली प्रिंटर खरखरला,
रुझारने कुणाला तरी शिवी घातली, आनंदाची.

क्यू दाबून बाहेर आले.

सहाला बाबांना फोन केला. उठलेलेच असतात.
रापणीत तुम्ही कितवे होतात?
"ओल्या दोराला आकडे असतात काय गो?
माझ्यापुढे वासू, मागे इनास.
इनासच्या मागे तो डावरा, काय त्याचं,
हां, फोंडू."

हाताशी बाद कुपन होतं, पाठकोरं.
बारा नावं झाली.
मग त्यांना खोकला आला,
आणि मी म्हटलं, उद्या.