तिरपा उजेड

डॉक्टर मार्गी वोरांनी आधी ट्यूबलाइट बंद केली.
मग बॅटरी माझ्या कानाजवळ धरून
उजेड आडवा सोडला गालावरून.
मला हसू आलं. ही तर माझी युक्ती.
रावपुऱ्यातल्या स्टुडिओत एकवीस वर्षं झाली:
समोरून दिवा लावला की माणूस गुळगुळीत,
बाजूने लावला की जसा आहे तसा.

"बघा," आरसा हातात देत त्या म्हणाल्या,
"हे बारीक, सुई टोचल्यासारखे, खोल.
हे उभ्या काठाचे, डबीसारखे.
आणि हे पसरट, लाटांसारखे.
यांना खालून धरून ठेवलंय."

खालून?

"दोरे असतात. जखम भरताना शरीर घाईत असतं,
मिळेल त्या धाग्याने टाचून टाकतं.
कातडी तिथे अडकते, आत ओढली जाते.
मग वरून काहीही लावा."

वरून लावलेलं मी मनात मोजायला घेतलं.
मसुराची डाळ, दुधात वाटून.
जायफळ, सहाणेवर, आईच्या मनगटाच्या जोराने.
मंगळबाजारातलं एक क्रीम,
नाव आठवत नाही, जळजळ आठवते.

मराठीत मुरूम. रस्त्यावर पसरतात तोही मुरूमच.
गुजरातीत खील. आमच्याकडे खीळ बसली
की गाडं थांबतं.
आमच्या शाळेला दोन्ही भाषा यायच्या,
तरी तिने तिसरा शब्द शोधला: मगर.
विश्वामित्रीच्या पुलावर सायकली थांबवून
पोरं आधी खाली बोट दाखवायची,
मग माझ्याकडे.

बघायला येणार होते त्याच्या आदल्या रात्री
आईने माझं डोकं मांडीवर घेतलं,
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं
आणि एकेक दाबून काढला.
"उद्यापर्यंत बसेल सगळं."
बसलं.
खोल बसलं.
ती माणसं आलीच नाहीत. त्यांची बस दाहोदला बंद पडली,
मग निरोपही बंद पडले.

"किती जाईल?" मी विचारलं.
"अर्धं. जमलं तर थोडं जास्त.
पुसलं जाणार नाही, उथळ होईल.
पाच-सहा वेळा यावं लागेल, मध्ये महिना-दीड महिना सोडून.
आणि उन्हाला जपायचं, विभावरीबेन."
पुसणं माझं काम आहे, माउसने, सेकंदात.
उथळ करणं मला माहीत नव्हतं.

भूल दिलेल्या गालात सुई आडवी शिरली.
दुखलं नाही. ऐकू आलं.
जुनी शिवण उसवताना येतो तसा आवाज,
करकर, आतल्या बाजूने कानाकडे.

रिक्षात आई शेजारी. चौऱ्याहत्तरची.
माझ्या गालावरचा बर्फ तिच्या रुमालात.
पाणी तिच्या कोपरापर्यंत गेलेलं.
"मीच दाबले होते ना गं," ती म्हणाली.
रिक्षावाल्याचा रेडिओ मोठ्याने चालू होता.
मी म्हटलं, काही ऐकू येत नाहीये.
पूल आला. खाली दोन मगरी
उन्हात, जबडा उघडा टाकून.
"किती निवांत पडल्यात," आई म्हणाली.
हे मात्र मला ऐकू आलं.

सोमवारी स्टुडिओत एक पोरगी,
बारावीच्या फॉर्मचा फोटो.
हनुवटीवर तीन, ताजे, लालबुंद.
"बेन, आ काढी नाखजो ने."
माझा गाल अजून जांभळा. तिने पाहिला, विचारलं नाही.
मी दिवा समोर ओढला, थोडा खाली घेतला,
कॅमेऱ्याला डोळा लावला
तर तिचं नख हनुवटीकडे निघालेलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला,
आणि निघाला तो मराठीत:
हात लावू नकोस.

तिला भाषा कळली की नाही, माहीत नाही.
हात खाली आला.